लिथो : गडचांदूरच्या गोट्याचे ग्रीक नाव

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गडचांदुरात दगड टनात मोजतात. राजुऱ्याहून येणाऱ्या रस्त्यावर डंपर आणि बल्करची रांग असते, कडेच्या झाडांच्या पानांवर पांढुरकी भुकटी बसलेली असते आणि माणिकगडाच्या बाजूचे डोंगर धुरकट दिसतात. १९८०च्या दशकात गडचांदूर आणि शेजारच्या आवारपूरला सिमेंटचे कारखाने उभे राहिले, पुढे उपरवाहीलाही एक आला. एकेकाळी निजामाच्या मुलखात असलेला, कापूस आणि ज्वारीवर जगणारा हा राजुरा-कोरपन्याचा पट्टा सिमेंटचा पट्टा म्हणून ओळखला जाऊ लागला. हे सगळे घडले ते काळ्या मातीखालच्या चुनखडीमुळे.

ही चुनखडी भूवैज्ञानिक 'पैनगंगा समूहा'त धरतात. तिचे वय शंभर कोटी वर्षांच्या आसपास आहे. तिच्यात शंख-शिंपले शोधण्यात अर्थ नाही, कारण शंख-शिंपल्यांचे प्राणी तेव्हा पृथ्वीवर जन्मालाच आले नव्हते. त्या वेळी इथे समुद्र होता आणि त्याच्या तळाशी चुन्याचा बारीक गाळ थरावर थर बसत होता. आज सुरुंग लागतो तो त्या गाळाला.

पण सुरुंगाच्या बऱ्याच आधी कागद येतो. खाण कुठे काढायची हे ठरवण्यासाठी भूवैज्ञानिक जमिनीत पोकळ ड्रिल उतरवतात आणि खडकाची गोल कांडी वर काढतात. तिला 'कोअर' म्हणतात. या कांड्या कप्पे असलेल्या लांबट पेट्यांत ओळीने मांडतात आणि कुठली कांडी किती मीटर खोलीची ते रंगाने लिहून ठेवतात. मग माणूस भिंग घेऊन बसतो. रंग राखाडी की गुलाबी, कण बारीक की जाड, भेगा किती, मध्येच मातीचा पट्टा आहे का, हे तो बघतो. वर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकतो. फसफसून बुडबुडे आले की चुनखडी पक्की. मॅग्नेशियम जास्त असेल तर बुडबुडे मरगळतात, आणि असा दगड सिमेंटला चालतही नाही. हे सगळे वरून खाली क्रमाने ज्या तक्त्यात भरतात त्याचे नाव 'लिथोलॉग'. खाणीवर हा शब्द दिवसातून दहादा कानावर पडतो. तो ज्या भाषेतून आला ती भाषा तिथे कोणाला येत नाही, आणि त्यावाचून कोणाचे काही अडतही नाही.

'लिथोस' म्हणजे ग्रीक भाषेत दगड. गूढ असे काही नाही. आमच्या चंद्रपूरकडे ज्याला 'गोटा' म्हणतात, तो. ग्रीकांकडे दुसराही एक शब्द होता, 'पेट्रा'. तो खडकासाठी, कड्यासाठी. ज्यावर घर बांधावे किंवा जहाज आपटावे अशा अचल पाषाणासाठी. पेट्रोलियम म्हणजे खडकातले तेल, ते त्या पेट्रापासून. शब्दाचा उत्तरार्ध मात्र लॅटिन. लिथोस हा उचलण्याचा, रचण्याचा, फेकण्याचा, कोरण्याचा दगड. मराठीत 'खडक' आणि 'दगड' यांत जो फरक आपण न शिकता पाळतो, तसाच काहीसा हा फरक आहे.

लिथोस ग्रीकमध्ये कुठून आला याचा खात्रीचा पत्ता भाषाशास्त्रज्ञांना लागलेला नाही. संस्कृतशी त्याचे नाते जुळत नाही. गंमत अशी की दगडासाठी संस्कृतात जो जुना शब्द आहे, 'अश्मन्', त्याचा सख्खा भाऊ ग्रीकमध्ये आहे, पण तिकडे त्याचा अर्थ झाला ऐरण. 'आक्मोन' हा तो शब्द. म्हणजे भाऊ लोहाराकडे कामाला लागला आणि दगडाची जागा परक्या लिथोसने घेतली.

ग्रीक भाषा शब्द जोडते ते आपल्या समासासारखेच. लिथोसमधला शेवटचा 'स' गळतो, 'ओ' हा स्वर जोडाला राहतो आणि 'लिथो' तयार होते. हे शब्दाच्या पुढे लागले की 'दगडाचा', 'दगडावरचा', 'दगडासंबंधी' असा अर्थ येतो. लिथॉलॉजी म्हणजे खडकाच्या दिसणाऱ्या गुणांचे वर्णन. लिथोलॉग त्यातूनच आला. लिथोस्फिअर म्हणजे पृथ्वीचे दगडी कवच, आपल्या पाठ्यपुस्तकातले 'शिलावरण'. शब्दाच्या शेवटी आला की तोच 'लिथ' होतो, आणि फ्रेंचमधून फिरून आला असेल तर 'लाइट'. आधी लागो की मागे, दगड दगडच राहतो. गडचांदूर मध्यावर धरून चंद्रपूर-गडचिरोलीत थोडे हिंडले तर या शब्दाची बहुतेक सगळी रूपे इथेच जमिनीवर पडलेली सापडतात. सगळी मात्र नाहीत. त्यातले सर्वांत प्रसिद्ध रूप जर्मनीच्या चुनखडीवर जन्मले.

बव्हेरियात सोल्नहोफेन नावाचे गाव आहे. तिथली चुनखडी इतक्या बारीक कणांची की तिच्या लाद्या आरशासारख्या गुळगुळीत होतात. आलॉइस झेनेफेल्डर नावाच्या एका नाटककाराला आपली नाटके स्वस्तात छापायची होती. १७९६च्या सुमारास त्याच्या लक्षात आले की या दगडावर तेलकट शाईने लिहिले, मग दगड ओला केला आणि वरून शाईचा रूळ फिरवला, तर शाई फक्त लिहिलेल्या जागी धरते. पाणी जिथे मुरले तिथे ती बसत नाही. चुनखडी तेलही पिते आणि पाणीही पिते, आणि ज्याने आधी जागा घेतली तो दुसऱ्याला शिरू देत नाही. छपाईचे हे तंत्र म्हणजे लिथोग्राफी, 'दगडावरचे लेखन'. आपल्याकडे त्याला 'शिळाप्रेस' हे झकास नाव मिळाले.

मराठी छपाईचा बराचसा पाया याच दगडाचा आहे. खिळे पाडण्याची कटकट नाही, सुरेख वळणाचा लेखक बसवला की मोडी असो, देवनागरी असो, हवे ते छापता येई. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१मध्ये असे पंचांग छापले. छापलेले पंचांग घरात घ्यावे की नाही, यावर तेव्हा कुरबुर झाली, कारण शाईत चरबी असते असा लोकांचा समज होता. गणपत कृष्णाजींनी धार्मिक पुस्तकांसाठी तुपाची शाई वापरली असे सांगतात. यात धर्म किती आणि धंदा किती हे ज्याचे त्याने ठरवावे, पण रसायनशास्त्र मात्र चोख आहे. दगडाला शाईत स्निग्ध पदार्थ हवा असतो, तो गायीच्या तुपाचा आहे की आणखी कशाचा हे दगड विचारत नाही. पुढे १८९४मध्ये राजा रविवर्म्यांनी मुंबईत लिथोग्राफीचा छापखाना काढला आणि आपल्या आजी-पणजीच्या देवघरात लक्ष्मी आणि सरस्वती पोहोचल्या त्या याच तंत्राने. आजची ऑफसेट छपाई दगड सोडून धातूच्या पत्र्यावर गेली, पण तत्त्व तेच. मोबाइलच्या चिपवर प्रकाशाने जे सूक्ष्म नकाशे उमटवतात त्या क्रियेलाही 'फोटोलिथोग्राफी'च म्हणतात. तिथे दगडाचा मागमूस नसतो.

त्याच सोल्नहोफेनच्या खाणीत १८६१मध्ये पंखाच्या पिसाचा ठसा मिळाला आणि आद्यपक्ष्याचे नाव 'आर्किऑप्टेरिक्स लिथोग्राफिका' असे पडले. पक्ष्याला छापखान्याच्या दगडाचे आडनाव मिळालेले दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

गडचांदूरच्या चुनखडीच्या नशिबी मात्र लेखन नाही. ती क्रशरमध्ये फुटते, दळली जाते, थोडी माती किंवा जांभा मिसळून फिरत्या भट्टीत जाते आणि सुमारे १,४५० अंश सेल्सिअसला क्लिंकर होऊन बाहेर पडते. शुद्ध चुनखडी शंभर किलो घेतली तर भट्टीत ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जाते. शंभर कोटी वर्षे दगडात कोंडलेला वायू असा काही मिनिटांत मोकळा होतो. सिमेंट उद्योगाला हवामानबदलाच्या चर्चेत इतके ऐकून घ्यावे लागते ते नुसत्या कोळशाच्या धुरामुळे नव्हे. दगडाच्या पोटातूनच वायू निघतो, आणि कोळसा बदलून तो थांबत नाही.

लिथियमची गोष्ट थोडक्यात. १८१७मध्ये स्वीडनच्या आर्फवेडसन या तरुण रसायनज्ञाला पेटालाइट नावाच्या खनिजात नवा धातू आढळला. सोडियम आणि पोटॅशियम हे त्याचे भाऊबंद वनस्पतींच्या राखेतून, प्राण्यांच्या शरीरातून माहीत झालेले होते. हा मात्र दगडात सापडला, म्हणून लिथियम. आज प्रत्येकाच्या खिशातल्या बॅटरीवर ग्रीक भाषेत 'दगडी' असे लिहिलेले आहे.

आता दवाखाना. पोटात कळ येऊन माणूस डॉक्टरकडे जातो आणि कागदावर 'नेफ्रोलिथिअॅसिस' असे काहीतरी लिहून येते. घरच्यांचा जीव अर्धा होतो. 'नेफ्रोस' म्हणजे मूत्रपिंड. म्हणजे मुतखडा. चंद्रपूरकडे बहुतेक लोक हिंदीसारखे 'पथरी' म्हणतात. 'कोलेलिथिअॅसिस' लिहिले असेल तर 'खोले' म्हणजे पित्त, पित्ताशयात खडे. हे 'लिथ' भूवैज्ञानिकाचे दगड नव्हेत. मूत्रपिंडातले बरेचसे खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि पित्ताशयातल्या खड्यांत कोलेस्टेरॉलच पुष्कळ असते. पण दुखणे दगडाचेच. प्राचीन ग्रीसमध्ये मूत्राशयातला खडा कापून काढणारे वेगळे कारागीर होते, आणि हिपोक्रेटिसच्या नावाने चालणाऱ्या शपथेत वैद्याने हे काम स्वतः न करता त्या कारागिरांवर सोपवावे असे बजावले आहे. पुढे हत्यारे बदलली. १९८०मध्ये म्युनिकमध्ये बाहेरून आघातलहरी सोडून, शरीर न कापता, माणसाच्या मूत्रपिंडातला खडा पहिल्यांदा फोडला गेला. ती 'लिथोट्रिप्सी'. 'ट्रिप्सिस' म्हणजे घासणे, चुरणे. दगडाचा चुरा करणे हा गडचांदुरातल्या क्रशरचाही धंदा, फक्त तिथे लिथोट्रिप्सी म्हणायची पद्धत नाही.

शरीरातला एक दगड मात्र खरोखर चुनखडीच्याच द्रव्याचा आहे, आणि तो रोग नाही. आपल्या आतल्या कानात एका लिबलिबीत पडद्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे कॅल्साइटचे, सूक्ष्म कण पसरलेले असतात. ते 'ओटोलिथ', कानातले दगड. डोके कलले की हे कण वजनाने सरकतात, पडद्याखालच्या केसांसारख्या पेशी वाकतात आणि मेंदूला कळते की आपण वाकलो, लिफ्ट वर निघाली, गाडीने ब्रेक मारला. यातले काही कण निसटून शेजारच्या अर्धवर्तुळाकार नळ्यांत गेले की अंथरुणात कूस बदलताच घर गरगर फिरते. अशा वेळी जाणकार डॉक्टर गोळ्या देण्याआधी रोग्याचे डोके ठरावीक क्रमाने, ठरावीक कोनात फिरवतात आणि ते कण मूळ जागी आणून सोडतात. शंभर कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राने जे द्रव्य तळाशी टाकले, तेच द्रव्य आपल्याला उभे राहायला मदत करते. आम्लाचा थेंब पडला तर तेही फसफसेल, पण कोणी प्रयोग करू नये.

इथे एक सावधगिरी. शेवटी 'आइट' आले म्हणजे लिथोस आलाच असे नाही. खनिजांच्या नावांमागचा '-आइट' हा वेगळा ग्रीक प्रत्यय आहे; 'त्याचा', 'त्याच्याशी संबंधित' एवढाच त्याचा अर्थ. बॉक्साइट हे फ्रान्समधल्या ले बो या गावावरून आले, त्यात दगड नाही. जांभ्याचे इंग्रजी नाव 'लॅटेराइट' लॅटिनमधल्या विटेवरून आले आहे. उलट पुणे, नाशिक, जळगावच्या काळ्या खडकात मिळणारे देखणे 'झिओलाइट' अस्सल लिथोसवाले. ते तापवले की आतले पाणी उकळल्यासारखे बाहेर पडते, म्हणून क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने १७५६मध्ये त्याला 'उकळणारा दगड' हे नाव दिले.

मराठी पारिभाषिक शब्द करणाऱ्यांनी लिथोसला एकच प्रतिशब्द दिला नाही. लिथोस्फिअरला शिलावरण, पॅलिओलिथिकला पुराश्मयुग, मेगॅलिथला महापाषाण, मूत्रपिंडातल्याला खडा. शिला, अश्म, पाषाण, खडा : चारही शब्द आपल्या जागी शोभतात आणि भाषेची श्रीमंतीच दाखवतात. पण विद्यार्थ्याचे त्यामुळे नुकसान होते असे माझे स्पष्ट मत आहे. ही सगळी एकाच घरातली माणसे आहेत हे त्याला कधी कळत नाही, आणि प्रत्येक शब्द तो स्वतंत्रपणे पाठ करतो. वर्गात एकदा फळ्यावर 'लिथ' लिहून हातात एक गोटा दिला, तर निम्मी घोकंपट्टी वाचेल.

पुराश्मयुगाकडे येऊ. 'पॅलिओलिथिक' आणि 'निओलिथिक', जुन्या दगडाचे युग आणि नव्या दगडाचे युग, हे दोन शब्द इंग्रज बँकर आणि निसर्गअभ्यासक जॉन लबक याने १८६५मध्ये घडवले. जुने म्हणजे घाव घालून फोडलेले हत्यार, नवे म्हणजे घासून गुळगुळीत केलेले. चंद्रपूर शहराला लागून पापामियाची टेकडी आहे. तिथे पुराश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे मिळाली आहेत. ज्याला सवय नाही त्याच्या डोळ्याला तो नुसता गोटा वाटतो. नीट बघितले तर एका बाजूने एकामागून एक ढलपे काढलेले दिसतात, आणि धार आलेली असते. निसर्गाच्या हातून दगड फुटतो, पण तो असा एकाच धारेवर नेम धरून फुटत नाही.

'मेगॅलिथ', मोठा दगड, हा शब्द मात्र लोकांना हमखास फसवतो. नावात दगड आहे म्हणून ही स्मारके अश्मयुगाची असावीत असे वाटते. विदर्भात तरी तसे नाही. चिमूर तालुक्यातल्या हिरापूरला उभ्या शिळांवर आडवी प्रचंड शिळा टाकून केलेली दगडी घरे आहेत. नागपूरजवळ जुनापाणीला, टाकळघाट-खापा, माहुरझरी, नैकुंड या गावांच्या परिसरात दगडांची गोल वर्तुळे आहेत. पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यांपैकी अनेक ठिकाणी उत्खनन केले. दगडांच्या वर्तुळात काय मिळाले, तर लोखंड. कुऱ्हाडी, खंजीर, घोड्याचे साज. नैकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. ही माणसे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली, पक्की लोहयुगातली. दगड त्यांनी फक्त मेलेल्यांसाठी राखून ठेवला होता. गडचिरोलीच्या भामरागड भागात आणि पलीकडे बस्तरात माडिया लोक मृतांच्या नावाने दगड उभारत आले आहेत. बस्तरात अशा दगडाला 'उरसकल' म्हणतात. त्यातला 'कल' म्हणजे दगड, कन्नडमधल्या 'कल्लु'चा नातलग. मेगॅलिथ हा शब्द युरोपात घडण्याच्या कितीतरी आधी या मुलखात त्या वस्तूला आपले नाव होते.

विदर्भातल्या त्या दगडी वर्तुळांनी एका माणसाचा जीव घेतला. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४०च्या दशकात नागपूरला आला. शाळा काढली, गोंडांची भाषा आणि गाणी टिपली, आणि उरलेल्या वेळात खडक आणि जीवाश्म गोळा केले. नागपूर आणि चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, भागाच्या भूविज्ञानाची सुरुवात त्याच्या पिशवीतून झाली म्हटले तरी चालेल. ४ सप्टेंबर १८६३ रोजी तो ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर टाकळघाटची दगडी वर्तुळे बघायला गेला होता. संध्याकाळी घोड्यावरून एकटाच परत निघाला आणि बोरीजवळच्या पूर आलेल्या नाल्यात बुडाला. त्याने लिहून ठेवलेले गोंडांविषयीचे कागद टेंपलनी १८६६मध्ये प्रसिद्ध केले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाने १८८३मध्ये सुरू झाले.

हिस्लॉपने ज्या जागा जगाच्या नजरेस आणल्या त्यांत वरोरा तालुक्यातले पिजदुरा हे गाव होते. तिथल्या लाल-हिरवट मातीत त्याला प्रचंड सरपटणाऱ्या प्राण्यांची हाडे मिळाली. ही माती लॅमेटा थरांची, सुमारे पावणेसात कोटी वर्षांपूर्वीची. दख्खनचा लाव्हा पसरत होता त्या काळातली. हाडे टायटॅनोसॉर नावाच्या लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरची. पण पिजदुऱ्याची खरी कीर्ती हाडांमुळे नाही, शेणामुळे आहे.

'कोप्रोस' म्हणजे शेण, विष्ठा. 'कोप्रोलाइट' म्हणजे दगड झालेली विष्ठा. हा शब्द ऑक्सफर्डच्या विल्यम बकलंडने १८२९मध्ये बनवला. त्याआधी या गोळ्यांना 'बेझोअर दगड' म्हणत आणि ते काय असावेत यावर नाना तर्क चालत. इंग्लंडच्या लाइम रीजिस गावात जीवाश्म विकून पोट भरणाऱ्या मेरी अॅनिंगने बघितले की हे गोळे इक्थिओसॉर या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याच्या सांगाड्याच्या पोटाच्या जागी असतात, आणि फोडले तर आत माशांची हाडे आणि खवले निघतात. बकलंडने त्याला नाव दिले. नाव देणाऱ्याचे नाव राहते आणि बघणाऱ्याचे मागे पडते, हे विज्ञानात नवीन नाही.

मांसाहाऱ्याची विष्ठा दगड होणे तुलनेने सोपे असते, कारण हाडे पचल्यामुळे तिच्यात फॉस्फेट भरपूर असते. शाकाहाऱ्याचे शेण पावसात विरघळते, किडे खातात, गवतात मिसळून जाते. पिजदुऱ्याला शाकाहाऱ्याचेच शेण दगड झाले, तेही ढिगाने. चार्ल्स मॅटली या भूवैज्ञानिकाने १९३९मध्ये त्यांचे आकारावरून प्रकार पाडून निबंध लिहिला. मोठ्या प्रकारचे गोळे सहज तळहात भरतील एवढे असतात, बाहेरून राखाडी-तपकिरी, आणि त्यांवर आतड्यात पडलेल्या वळ्या किंवा चिरा दिसतात. हे शेण बहुधा टायटॅनोसॉरचे. टायटॅनोसॉरची हाडे तिथेच मिळतात म्हणून असा तर्क करतात. सहीशिक्का कोणी मारून ठेवलेला नाही.

मग या गोळ्यांत काय आहे हे बघायला सुरुवात झाली. इथे लिथोसचे आणखी एक अपत्य कामाला आले : 'फायटोलिथ', वनस्पतीतला दगड. झाड मुळांवाटे पाणी घेते तेव्हा त्यात विरघळलेली थोडी सिलिका असते. काही वनस्पती ती पेशींत साठवतात, आणि तिथे ती पेशीच्या आकाराची सूक्ष्म काच होऊन बसते. गवत यात सर्वांत पुढे. धुऱ्यावरचे गवत उपटताना बोट चिरते ते त्याच्या काठावरच्या या काचेने. झाड कुजले, जळले, कोणी खाऊन टाकले, तरी हे काचेचे कण टिकतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे आकार ओळखता येतात. कुठले डंबेलसारखे, कुठले घोड्याच्या खोगिरासारखे. गवताच्या वेगवेगळ्या कुळांचे आकार वेगळे असतात, म्हणून नुसत्या कणावरून वंशावळ काढता येते.

लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद, स्वीडनमध्ये काम करणाऱ्या कॅरोलिन स्ट्रमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी पिजदुऱ्याच्या कोप्रोलाइटमधले फायटोलिथ तपासले आणि २००५च्या नोव्हेंबरात 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष मांडला. त्या शेणात ताड-माडांच्या कुळाचे, सूचिपर्णी झाडांचे, इतर रुंद पानांच्या झाडांचे अवशेष होते. आणि गवत होते. एका नव्हे, अनेक कुळांचे. तोवर पुस्तकांत असे शिकवत की गवत डायनोसॉर संपल्यावर फोफावले, म्हणून डायनोसॉरच्या चित्रात पायाखाली गवत काढले की तज्ज्ञ हसत. पिजदुऱ्याच्या शेणाने ते हसणे थांबवले. गवत या डायनोसॉरच्या आहाराचा छोटा भाग होते, कुरणे वगैरे नव्हती, हे संशोधकांनीच स्पष्ट केले आहे; पण गवताची कुळे तेव्हाच वेगळी होऊ लागली होती एवढे ठरले.

२०११मध्ये याच चमूतल्या काहींनी पुढचा निबंध लिहिला. या अवशेषांतले काही कण भाताच्या गटाशी जुळतात, असे त्यात दाखवले. चंद्रपूरच्या पूर्वेला नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी आणि पुढे सगळी गडचिरोली हा धानाचा मुलूख. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतातल्या ओंब्या निवडत निवडत 'एचएमटी' हे वाण काढले, ते याच मुलखात. त्या धानाच्या पूर्वजांच्या नात्यातले कोणीतरी याच जिल्ह्यात पावणेसात कोटी वर्षांपूर्वी एका टायटॅनोसॉरने चघळले होते. धानाचा कोंडा जाळला की जी राख उरते तीही बव्हंशी सिलिकाच असते, आणि सिमेंटमध्ये मिसळता येते. लिथोस शेवटी आपल्याच कारखान्यात परत जातो.

हिस्लॉपच्या वेळी फायटोलिथची ही काच पिजदुऱ्याच्या गोळ्यांत होतीच, मॅटलीच्या वेळीही होती. कोणाला ती शोधायची सुचली नव्हती एवढेच. पिजदुऱ्याच्या शेतांत आजही नांगराच्या तासात असे गोळे वर येतात आणि हौशी माणसे ते दिवाणखान्यात ठेवायला उचलून नेतात. तुम्ही तिकडे गेलात तर तसे करू नका. कोप्रोलाइट कुठल्या थरात, कुठल्या शेतात, कशाच्या शेजारी पडला होता ही माहिती त्याच्याबरोबर गेली की तो पुन्हा नुसता गोटा होतो. फोटो काढा, शेजारी नाणे ठेवा म्हणजे आकार कळेल, जागा लिहून घ्या आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला कळवा.